निळ्या ओढणीतली वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे आणि मला जागेवरून हलवण्याचा एकदा हुकूम निघाला होता. त्या हुकुमाची गोष्ट मला सांगायची आहे. ती नीट सांगता येईल याची मला खात्री नाही. विटेने बोलावे कशाला, असेही तुम्ही म्हणाल. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत गप्प बसले. पण आता वाटते, गप्प बसण्याचे काम भिंतीतल्या विटांनी करावे. मी भिंतीत कधीच नव्हते.

माझा जन्म चंडीगडबाहेरच्या एका वीटभट्टीत झाला. ज्या बाईने मला साच्यातून काढले, तिच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या कडेवर आहे. भट्टी रचताना माझी जागा आगीच्या फार जवळ लागली. मी गरजेपेक्षा जास्त भाजले, काळी पडले आणि एका अंगाने वाकले. अशा विटेला खंगर म्हणतात. ट्रकमधून मी शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बांधकामावर आले. गवंड्याने मला हातात घेतले, ओळंब्याच्या दोरीपाशी धरले आणि "टेढ़ी है" म्हणून मागे फेकले. हे शहर सरळ रेषांचे आहे. रस्ते सरळ, सेक्टर चौकोनी, झाडेसुद्धा ओळीत. माझ्या बहिणी भिंतीत चढल्या आणि मी गवतात पडून राहिले. त्या वेळी मला वाटले, चूक माझीच असणार.

पुढे रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्याने मला उचलून त्याच्या बाकाच्या लंगड्या पायाखाली घातले. बाक डुगडुगायचे थांबले. तेथे बसून लोक जे बोलत, ते सगळे माझ्या डोक्यावरच चालायचे.

"डॉक्टर हीरा आहे हो, हीरा! हात लावला की निम्मं दुखणं पळतं."

"पण त्या हातापर्यंत पोचायचं कसं? माझ्या मेव्हण्याला सहा महिन्यांनंतरची तारीख दिलीय. तोवर तो राहिला तर जाईल."

"चिठ्ठी आणायची कुणाची तरी. चिठ्ठीवाले बाजूच्या दारानं आत जातात."

चिठ्ठीवाल्यांना सगळे शिव्या देत. मग त्यातलाच एखादा हळूच विचारी, "तुमच्या ओळखीचं कुणी आहे का आत?" मित्रांनो, माणसांची मते मी अशी खालून ऐकली आहेत. औषध चांगले, पण वाट वाईट, यावर सगळ्यांचे एकमत होते. वाट कशी सुधारायची यावर मात्र दोघांचेही जमत नसे.

त्या वाटेचे नाव रांग. हृदयरोगाची ओपीडी फक्त बुधवारी असे. तपासणीच्या ठरावीक चिठ्ठ्या फाटल्या की खिडकी बंद. म्हणून लोक पहाटेपासून उभे राहत. काही जण आदल्या संध्याकाळीच एखादी वस्तू आपल्या जागी ठेवून जात. थर्मास, पिशवी, चपलेचा जोड, जेवणाचा डबा. पण ती पंजाबातल्या गोळीबाराची आणि बॉम्बची वर्षे होती. रेडिओत आणि डब्यात बॉम्ब निघू लागले. फाटकावर पाटी लागली की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. थर्मास गेले, पिशव्या गेल्या. राहिल्या फक्त विटा. वीट भरीव असते. तिच्या पोटात काही लपवता येत नाही.

त्या विटांचा एक अलिखित कायदा होता. वीट ठेवणाऱ्याने आपले नाव पुढच्याला आणि मागच्याला सांगायचे. ते दोघे त्याचे साक्षीदार, तिथल्या भाषेत गवाह. सकाळी कुणी विचारले की गवाहाने तोंड उघडायचे. गवाह गप्प राहिला की वीट रांगेबाहेर जायची.

आता मी त्या हिवाळ्यातल्या एका मंगळवाराकडे येते. दुपारी चहाच्या बाकावर दोन जोड्या बसल्या होत्या. एक जोडी माझ्या ओळखीची होती. राजाभाऊ आणि वीणाबाई, मूळचे नागपूरकडचे. राजाभाऊंची उमर विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहिण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते शहराला लागून असलेल्या मनीमाजऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. त्यांच्या छातीत दुखायचे. आवाज इतका हळू, की चहावाला त्यांचा चहा दोनदा विचारून घ्यायचा. कुठे काही बिनसले की ते म्हणत, "जाऊ दे, आपण कशाला." वीणाबाईंचा आवाज मात्र फाटकापर्यंत पोचत असे.

दुसरी जोडी मायलेकींची होती. आई बचिंत कौर, समराळ्याच्या पलीकडच्या एका गावातली. लेक जीतो, विशीतली. तिच्या हृदयाची झडप खराब होती. ती बाकावर बसूनही धापा टाकत होती. बुधवारची चिठ्ठी मिळावी म्हणून त्या मायलेकी तीन वेळा येऊन गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा खिडकी बंद झाल्यावर पोचल्या होत्या. या खेपेला बचिंत कौरने वेगळे ठरवले होते. आदल्या दिवशी येऊन वीट ठेवायची.

"बस काहून लवकर नाही पकडत तुम्ही?" वीणाबाईंनी हिंदी-मराठीच्या मिसळीत विचारले.

बचिंत कौर हसली. "बीबी, आमच्याकडं बस सूरज बघून निघते. अंधारात बस थांबवतात, माणसं उतरवतात आणि... कुठला ड्रायव्हर येईल? इथं राहावं तर ओळखीचं घर नाही. धर्मशाळावाले आता अनोळखी माणूस ठेवत नाहीत."

तिने मला बाकाखालून ओढून काढले. बाक पुन्हा डुगडुगले, चहावाला ओरडला, पण तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. खिडकीसमोरच्या फरशीवर तिने मला ठेवले. माझ्यामागे राजाभाऊंनी आपली अर्धी वीट ठेवली.

"तू माझी गवाह होशील?" तिने वीणाबाईंना विचारले. "आम्ही उद्या पहिल्या बसनं येतो."

"होईन बीजी. पक्का!"

"वीणा, उद्या भांडणं होतील," राजाभाऊ पुटपुटले.

"होऊ देत की बाप्पा. तुम्ही फक्त माझ्या मागं उभे राहा." मग माझ्याकडे पाहून वीणाबाई हसल्या. "आपल्याकडं विटेवर देव उभा असतो. इथं तर विटाच माणसांसाठी उभ्या राहून राहिल्या."

तेवढ्यात जीतो माझ्यापाशी खाली बसली. गेल्या खेपेला कुणाची तरी वीट दुसऱ्याने आपली म्हणून उचलली होती, असे तिने ऐकले होते. तिने आपल्या गळ्यातली निळी ओढणी काढली, मला त्यात पुरती गुंडाळली आणि वर एक घट्ट गाठ मारली. "आता हिला कुणी चुकणार नाही," ती म्हणाली. मित्रांनो, मला आयुष्यात कुणी प्रथमच कपडा घातला होता. मी इतकी हरखून गेले की त्यात काही धोका असेल, हे माझ्या ध्यानातही आले नाही. तिच्याही आले नाही.

बुधवारची पहाट धुक्याची होती. दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते. माणसे कांबळी पांघरून उभी होती. माझ्या पुढे भनोटसाहेब होते, सचिवालयातून निवृत्त झालेले. विटांचा कायदा ते मानत नसत, म्हणून पहाटे चारपासून ते माझ्या पुढे येऊन उभे होते आणि ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगत होते.

"मी इथं थंडीत कुडकुडतो," ते म्हणत होते, "आणि लोक गावात रजई घेऊन झोपतात. त्यांची वीट उभी राहते. हा कुठला इन्साफ? जो उभा, त्याचा नंबर. दुखणं मलाही आहे."

मित्रांनो, खरे सांगू? त्यांचे बोलणे मला चुकीचे वाटले नाही. मी ओशाळले. मी कोण मोठी लागून गेले की जिवंत माणसाच्या बरोबरीने रांगेत बसावे?

तेवढ्यात पहारेकरी लेखराम कंदील घेऊन आला. तो हिमाचलातला, सरळ मनाचा, पण त्या वर्षांत सरळ मनेही घाबरलेली होती. त्याच्या कंदिलाचा उजेड माझ्यावर पडला. धुक्यात, फरशीवर, निळ्या कापडात काहीतरी बांधलेले. वर गाठ. त्याला धरून कुणी नाही.

त्याची शिट्टी वाजली. "बम! सब पीछे! लावारिस सामान!"

क्षणात रांग मोडली. काठ्या पडल्या, कांबळी पडली, एक्स-रेची मोठी पाकिटे पायांखाली गेली. भनोटसाहेब गुडघ्याच्या दुखण्यासकट चहाच्या टपरीमागे पोचले. मी एकटी राहिले. आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला स्वतःचीच शंका आली. इतकी शहाणीसुरती माणसे पळताहेत, म्हणजे माझ्या पोटात खरोखरच काही असेल का?

मग धुक्यातून एक माणूस माझ्याकडे चालत आला. गर्दीने मागे रेटलेले राजाभाऊ होते.

"अहो! अहो, परत या!" वीणाबाईंचा आवाज प्रथमच चिरकला.

"बाबूजी, मरना है क्या?" लेखराम ओरडला.

"ती वीट आहे," राजाभाऊ म्हणाले. कुणाला ऐकू गेले नाही. ते थांबले, घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "ईंट है! मैं इसे पहचानता हूँ!"

"ईंट को पहचानते हो?"

"हो! काल हिची ओळख करून दिली होती मला!"

ते माझ्याजवळ फरशीवर बसले. जीतोची गाठ सुटेना. त्यांनी ती दाताने धरली, तर कवळी हलली. ती खिशात घालून त्यांनी बोटांनीच झटापट केली आणि एकदाची गाठ सुटली. मी, काळी, वाकडी, होते तशीच बाहेर आले. राजाभाऊंनी मला उचलून सगळ्यांना दाखवले. टपरीमागून कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. लेखराम मात्र रडवेला झाला होता.

हसणे फार टिकले नाही. शिट्टी ऐकून सुरक्षेचे साहेब जीपमधून आले. त्यांनी सगळे ऐकले आणि हुकूम दिला, "आजपासून एकही वीट नको. सगळ्या उचलून ट्रॉलीत टाका. ज्याचं शरीर हजर, त्याचाच नंबर."

"हेच मी म्हणत होतो," भनोटसाहेब म्हणाले.

लेखरामने पहिली वीट उचलली. ती पतियाळ्याच्या कुणाची तरी होती. दुसरी रोपडची. सगळ्या दूरच्या गावांच्या, जिथली बस सूरज बघून निघते. मग तो माझ्याकडे वळला. राजाभाऊंनी मला मांडीवर घेतले होते.

"बाबूजी, द्या."

"नाही देणार."

"तुमची आहे का?"

"माझी नाही. जीतो नावाच्या मुलीची आहे. तिची झडप खराब आहे. ती येतेय."

"येतेय म्हणजे आली नाही," साहेब म्हणाले.

तेव्हा राजाभाऊ बोलले. मी त्यांना त्याआधी इतके बोलताना कधी ऐकले नव्हते. "साहेब, आम्हांला रात्र मिळते म्हणून आम्ही पहाटे चारला इथं येऊ शकतो. तिच्या गावाला रात्रच राहिली नाही. ती काढून घेतलीय. गोळीवाल्यांनी काढली, बसवाल्यांनी काढली, आता तिचा नंबर तुम्ही काढणार. ज्याला रात्र आहे त्यालाच डॉक्टर, असा नियम असेल तर तो पाटीवर लिहा. आम्ही वाचू. मी वाचणारा माणूस आहे. पण तो तुम्ही लिहिणार नाही, कारण लिहायची लाज वाटेल."

बोलून झाल्यावर ते इतके घाबरले की त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. त्यांचे हृदय माझ्या अंगावर धडधडत होते.

तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर आले. डॉक्टर नरेंद्र, तेही मराठी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची आणि राजाभाऊंची ओळख झाली होती.

"काका! तुम्ही इथं फरशीवर? काकू, मी सांगितलं होतं ना, बाजूच्या दारानं या म्हणून? चला आत, ईसीजी काढून घेऊ."

बाजूचे दार उघडेच होते. आतून हीटरचा उबदार वारा येत होता. रांगेतल्या प्रत्येकाने त्या दाराकडे पाहिले आणि मग राजाभाऊंकडे. मलाही वाटले, आता हे जातील. जायला काय हरकत होती? आजारी माणूस होते ते.

"नरेंद्र, तू मला आत नेशील रे," राजाभाऊ म्हणाले. "हिला कोण नेईल?"

"हिला म्हणजे? विटेला?"

"हो," वीणाबाई म्हणाल्या आणि खाली नवऱ्याशेजारी बसल्या. "आम्ही गवाह आहोत तिचे. शब्द दिलाय. तुम्ही जा डॉक्टर, पेशंट वाट पाहत असतील."

डॉक्टर मान खाली घालून आत गेले. बाजूचे दार मात्र जाताना त्यांनी लावून घेतले.

आता लेखराम ट्रॉलीपाशी उभा होता आणि तिच्यातली एक वीट एका म्हाताऱ्याने परत उचलली. "ही रोपडवाल्याची. मी त्याचा गवाह," तो म्हणाला. मग एका बाईने दुसरी उचलली. एका बुरख्यातल्या मावशींनी तिसरी. ट्रॉली रिकामी झाली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "जमिनीवर काही ठेवायचं नाही! एकही वस्तू नाही!"

"मंजूर," वीणाबाई म्हणाल्या. "हातात धरू."

आणि मित्रांनो, त्या दिवशी त्या धुक्यात मी जे पाहिले, ते पाहायला माझ्या भिंतीतल्या सरळ बहिणींना कधी मिळणार नाही. हृदयाचे रोगी, दम लागणारे, गोळ्यांवर जगणारे, न आलेल्या माणसांच्या विटा हातांत घेऊन रांगेत उभे राहिले. साहेब जीपमध्ये बसून पाहत राहिले. ते काय करणार? बेवारस असे काहीच उरले नव्हते.

वीट जड असते. रांग पुढे सरकू लागली तसे राजाभाऊंच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला. वीणाबाईंनी मला घेतले, पण त्यांच्या हातात राजाभाऊंची अर्धी वीटही होती.

"इकडे द्या," पुढून आवाज आला. भनोटसाहेब होते. "पाचच मिनिटं धरीन. आणि ऐकून ठेवा, माझं मत बदललेलं नाही. हे चूकच आहे."

"हो साहेब," वीणाबाई म्हणाल्या. "चूकच. नीट धरा, सटकेल."

भनोटसाहेबांनी मला त्यांच्या कांबळ्यात घेतले. पाच मिनिटे होऊन गेली. त्यांनी मला परत केले नाही. एकदा फक्त म्हणाले, "ही पोरगी वयानं केवढी आहे?" आणि वीणाबाईंनी सांगितल्यावर त्यांनी कांबळे माझ्याभोवती घट्ट ओढले.

खिडकी आली. भनोटसाहेबांनी आपली चिठ्ठी घेतली आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. "हे काय?"

"पुढचा पेशंट."

"विटेला काय झालंय? बुखार?"

"जीतो, बचिंत कौरची मुलगी, झडपेचा आजार," राजाभाऊंनी खिडकीत तोंड घालून सांगितले. "बस येतेय."

"बस येईल तेव्हा बघू. मागे लोक खोळंबलेत."

"कोण खोळंबलंय?" भनोटसाहेबांनी मागे वळून दरडावले. "कुणाची हरकत आहे? बोला!"

रांग काही बोलली नाही. माझ्याआधी कित्येक बुधवार ती रांग आपापसांत भांडत आली होती. त्या दिवशी तिला एकच मत होते आणि ते तिने गप्प राहून दिले. कारकुनाने पुटपुटत चिठ्ठी फाडली.

सूर्य धुक्यातून वर आला तेव्हा मायलेकी आल्या. वाटेत दोन ठिकाणी बसची झडती झाली होती. जीतो भिंतीला धरून चालत होती, ओढणीशिवाय, आईची अर्धी शाल अंगावर घेऊन. तिने बंद खिडकी पाहिली आणि ती तिथेच खाली बसली. तिला वाटले, चौथी खेपही गेली. वीणाबाईंनी काही न बोलता चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली. जीतोने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"माझी ओढणी कुठंय?" तिने विचारले आणि रडू लागली.

तिला त्या दिवशी डॉक्टरांनी तपासले. ऑपरेशनची तारीख पुष्कळ पुढची मिळाली. ती लवकर मिळायला हवी होती, हे मी आजही म्हणेन. पण तारीख आली, आणि ऑपरेशन होऊन जीतो पुढच्या हिवाळ्यात आपल्या पायांनी आली.

माझे पुढे काय झाले? विटांवर पुन्हा बंदी आली, पुन्हा उठली, पुन्हा आली. माळ्याने मला फुलांच्या वाफ्याच्या कडेला तिरकी रोवले आणि वर चुना फासला. त्याला वाटले असेल, झाली बिचारीची सोय. जीतो त्या हिवाळ्यात आली ती वाफ्याभोवती फिरत राहिली. पांढऱ्या विटांत एक वाकडी दिसली तशी तिने मला उपटून काढले, ओढणीने माझा चुना पुसला आणि गावच्या एका म्हाताऱ्यासाठी मला रांगेत नेऊन ठेवले. मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला ती म्हणाली, "गवाह होशील?"

तेव्हापासून माझे असेच चालले आहे. मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला जपा. मी तसे म्हणणार नाही. मी जास्त भाजलेली आहे, मला काही होत नाही. मला पाटी दाखवा, ट्रॉलीत टाका, बॉम्ब म्हणा, मी पुन्हा येईन. जपायचा असेल तर त्याचा नंबर जपा, जो अजून वाटेत आहे. आणि कधी त्या रुग्णालयात आलात आणि वाफ्याच्या कडेला एका विटेची जागा रिकामी दिसली, तर हळहळू नका. मी कामावर गेले आहे. तुमच्या पुढे किंवा मागे कुठेतरी असेन. कुणी विचारले, ही कुणाची, तर तोंड उघडा.